हवाना, १९४१ : यजमानाने दिलेली मुदत

ऑक्टोबर १९४१. हवानाच्या ला त्रोपिकाल मैदानावर नऊ देशांची हौशी बेसबॉलची जागतिक मालिका संपत आली, तेव्हा गुणतक्त्याच्या वरच्या दोन ओळी सारख्या होत्या. क्युबा : आठ सामने, सात विजय, एक पराभव. व्हेनेझुएला : आठ सामने, सात विजय, एक पराभव. विजेता ठरवायला आणखी एक सामना खेळावा लागणार होता. तो कधी खेळायचा, या एका प्रश्नाभोवती हे प्रकरण फिरते.

व्हेनेझुएलाने मुदत मागितली. त्यांची सगळी भिस्त दानिएल कानोनिको या पिचरवर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूवर होती. लोक त्याला ‘चिनो’ म्हणत. मालिकेतल्या सामन्यांनी त्याचा हात थकला होता. त्याला थोडे दिवस मिळाले तर सामना होईल, नाही मिळाले तर व्हेनेझुएलाने नुसते मैदानात उतरायचे. हे व्हेनेझुएलाला ठाऊक होते आणि क्युबालाही. उत्तर द्यायचे होते यजमानांना, आणि यजमानांच्या बाजूला अखेरचा शब्द होता कर्नल हाइमे मारिने यांचा.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकासाठी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर या मागणीचे वजन कळणार नाही. क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाने षटक टाकले की पुढचे दुसऱ्याने टाकायचे, त्यामुळे भार आपोआप वाटला जातो. बेसबॉलमध्ये तसे बंधन नाही. त्या काळी तर चांगल्या पिचरने सामन्यातल्या नऊच्या नऊ इनिंग, म्हणजे डाव, एकट्याने टाकणे हीच रीत होती. शंभरावर चेंडू, प्रत्येक चेंडू खांद्यापासून ताकद लावून. दुसऱ्या दिवशी तोच हात वर उचलताना दुखतो. म्हणून बेसबॉलच्या स्पर्धेत ‘सामना कोणत्या दिवशी’ हा कारकुनी प्रश्न नसतो. तारीख ठरते तेव्हा समोर कोण उभा राहणार हेही बऱ्याच अंशी ठरते, आणि कधीकधी निकालही.

त्यात दोन्ही संघांची ताकद सारखी नव्हती. क्युबात हौशी बेसबॉलची राष्ट्रीय लीग १९१४ पासून चालू होती. साखर कारखान्यांचे, क्लबांचे, टेलिफोन कंपनीचे, विद्यापीठाचे संघ दर रविवारी खेळत. अमेरिकन चॉकलेट कंपनीच्या कारखान्याभोवती वसलेल्या हर्शी गावच्या संघाकडून पेद्रो ‘नातिया’ हिमेनेस पिचिंग करत असे. सिएनफुएगोसकडे कोनरादो मार्रेरो होता, सान आंतोनियो दे लोस बान्योसकडे हुलियो ‘हिकी’ मोरेनो. एक थकला तर दुसरा उभा करावा, अशी ही खाण. व्हेनेझुएलाकडे अशी खाण नव्हती. म्हणजे मुदतीचा लाभ दोघांना सारखा होणार नव्हता. ज्याच्याकडे एकच मोठा पिचर, त्याला तो जास्त होणार होता. यजमानाने घड्याळाकडे बोट दाखवून ‘उद्याच खेळा’ म्हटले असते, तर त्याला नियमभंग म्हणता आले नसते. इतर संघांना परत जायचे आहे, मैदान, तिकिटे, हॉटेलची बिले, कारणे हवी तितकी होती.

मारिने हे कोण, हे कळल्याशिवाय त्यांच्यापुढच्या पेचाची खोली कळत नाही. ते खेळातून वर आलेले संघटक नव्हते. ते लष्करातले अधिकारी आणि फुल्खेन्सियो बातिस्ता यांच्या अगदी आतल्या गोटातले. ४ सप्टेंबर १९३३ च्या सार्जंटांच्या बंडानंतर बातिस्ता क्युबाच्या सत्तेचे खरे धनी झाले आणि १० ऑक्टोबर १९४० ला रीतसर निवडून येऊन राष्ट्राध्यक्षपदावर बसले. बंड ते निवडणूक या प्रवासात बातिस्तांना आपली बरॅकमधली ओळख पुसून लोकांचा नेता व्हायचे होते. त्यासाठी शाळा, रस्ते, कामगारांचे कायदे, आणि खेळ. राष्ट्रीय क्रीडा महासंचालनालय उभे राहिले आणि त्याच्या प्रमुखपदी मारिने आले. बॉक्सिंगपासून बेसबॉलपर्यंत सरकारी पैसा, सरकारी शिस्त आणि सरकारी प्रसिद्धी त्यांच्या टेबलावरून जाऊ लागली.

दुसरीकडे एक पोरकी स्पर्धा घर शोधत होती. लेस्ली मान हा बॉस्टनच्या १९१४ च्या विजेत्या संघातला जुना व्यावसायिक खेळाडू. बेसबॉल ऑलिंपिकमध्ये न्यायचा ध्यास त्याने घेतला होता. १२ ऑगस्ट १९३६ ला बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानावर त्याने अमेरिकन हौशी खेळाडूंचे दोन संघ करून प्रदर्शनीय सामना भरवला आणि त्याला प्रचंड गर्दी जमली. पण एका सामन्याच्या गर्दीने खेळ ऑलिंपिकमध्ये जात नाही. त्यासाठी अनेक देश खेळताना दिसावे लागतात, आंतरराष्ट्रीय संघटना लागते, नियमित अजिंक्यपद लागते. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिली हौशी जागतिक मालिका झाली ती अवघ्या दोन संघांची, ब्रिटन आणि अमेरिका. लिव्हरपूलचे उद्योगपती जॉन मूर्स यांनी करंडक दिला आणि ब्रिटनने पाचपैकी चार सामने जिंकले. जगज्जेतेपद म्हणावे असे त्यात फारसे काही नव्हते.

पुढच्या वर्षी मालिका हवानात आली आणि तिथेच राहिली. १९३९, ४०, ४१, ४२, ४३, अशी सलग पाच वर्षे. १९३९ ला तीन संघ होते. क्युबाने सहाच्या सहा सामने जिंकले. १९४० ला सात संघ आले आणि क्युबाच पुन्हा विजेता. १९४१ ला नऊ. युरोप युद्धात जळत होता, १९४० चे ऑलिंपिक रद्द झाले होते, आणि त्याच काळात कॅरिबियन समुद्राच्या काठावर एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी वाढत होती. हे काम मारिने यांच्या खात्याचे. पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. मानने स्वप्न पाहिले, पण त्याला छप्पर, मैदान आणि खर्चाचा हिशेब दिला तो हवानाने. मला वाटते, बेसबॉलच्या ऑलिंपिक प्रवासाच्या कथेत या पाच वर्षांना मिळते त्यापेक्षा बरीच जास्त जागा मिळायला हवी.

म्हणजे त्या ऑक्टोबरमध्ये मारिने एकाच वेळी तीन ठिकाणी उभे होते. ते स्पर्धेचे आयोजक होते, ज्या सरकारला या स्पर्धेतून झळाळी हवी होती त्या सरकारचे अधिकारी होते, आणि ज्या संघाशी सामना होता त्या संघाचे पालकही तेच. आज कोणत्याही क्रीडा संघटनेत ही रचना दिसली तर आपण हितसंबंधांचा संघर्ष म्हणून बोट ठेवू आणि ते योग्यच असेल. पण १९४१ च्या हवानात दुसरी रचना उपलब्धच नव्हती. मालिका चालवण्याची ऐपत असलेला माणूस एकच होता, आणि त्याचे हात बांधणारी कोणतीही स्वतंत्र समिती त्याच्यावर नव्हती. म्हणून त्याने काय केले याला महत्त्व येते.

यजमानांनी मुदत दिली. निर्णायक सामना २२ ऑक्टोबरला ठेवला गेला.

या निर्णयाकडे निव्वळ उदारता म्हणून पाहिले तर आपण मारिने यांना फार भोळे समजतो. क्युबाच्या बाजूनेही हिशेब होता. सामना पुढे गेला की शहरात त्याची चर्चा वाढते, तिकिटांची मागणी वाढते, वर्तमानपत्रांना आणि रेडिओला खाद्य मिळते. मार्रेरोलाही विश्रांती मिळणार होती. क्युबाने आधीच्या दोन्ही वर्षी मालिका जिंकली होती आणि घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर, पुरेशी झोप घेतलेल्या मार्रेरोला कोण हरवणार, असा विश्वास हवानात असणार हे उघड आहे. थकलेल्या पाहुण्याला चेपून मिळवलेला करंडक बातिस्तांच्या सरकारला फारसा उपयोगाचाही नव्हता. सलग तिसऱ्यांदा जिंकायचे तर ते शंका उरणार नाही असे जिंकायला हवे. हे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच. तोटा होण्याची शक्यता कोणत्या बाजूला आहे हे दिसत असताना, नकार देण्याची पूर्ण मोकळीक असताना, त्यांनी होकार दिला.

मैदानाबद्दल दोन शब्द. ला त्रोपिकाल हे बिअर कंपनीचे मैदान. कंपनीचे प्रमुख हुलियो ब्लांको एर्रेरा यांनी ते बांधले आणि १९३० च्या मध्य अमेरिकी क्रीडास्पर्धा तिथे झाल्या. सीमारेषा इतक्या लांब की होम रन ही तिथे दुर्मीळ गोष्ट. मोठ्या मैदानावर चतुर पिचरचे फावते. फलंदाजाने उंच मारलेला चेंडू कुंपणापर्यंत पोचतच नाही, क्षेत्ररक्षक मागे जाऊन झेलतो. आणि त्या दिवशी दोन्हीकडचे पिचर चतुर होते. मार्रेरो लहान चणीचा, शेतकऱ्याचा मुलगा, सागुआ ला ग्रांदेकडचा. लोक त्याला ‘लाबेरिंतोचा ग्वाहिरो’ म्हणत. ग्वाहिरो म्हणजे क्युबातला खेडूत. हात-पाय विचित्र फिरवत तो चेंडू सोडे आणि चेंडू फलंदाजाला हवा तिथे कधीच येत नसे. कानोनिकोचाही भर वेगापेक्षा चकव्यावर आणि अचूकतेवर. दोन तोफखान्यांपेक्षा दोन बुद्धिबळपटूंची लढत शोभावी, तसा तो सामना होता.

तो पहिल्याच इनिंगमध्ये ठरला. व्हेनेझुएलाने सुरुवातीलाच मार्रेरोकडून तीन रन काढले. त्यानंतर मार्रेरो सावरला आणि व्हेनेझुएलाला पुढे एकही रन मिळाला नाही. पण कानोनिकोनेही क्युबाला काही दिले नाही. इनिंगमागून इनिंग फळ्यावर शून्य चढत गेले. क्युबाचा एकमेव रन आला तो नवव्या इनिंगमध्ये, शेवटच्या संधीत. तिथेच तो थांबला. व्हेनेझुएला ३, क्युबा १. मागून घेतलेल्या दिवसांचे चीज कानोनिकोने पूर्ण नऊ इनिंग एकट्याने टाकून केले.

कराकासमध्ये लोक रेडिओला कान लावून बसले होते. संघ परतला तेव्हा ला ग्वायरा बंदरापासून राजधानीपर्यंत माणसांचा पूर लोटला. होसे आंतोनियो कासानोवा, लुईस रोमेरो पेतित, एक्तोर बेनितेस, चुचो रामोस ही नावे घराघरांत गेली आणि ‘४१ चे वीर’ हा शब्दप्रयोग तिथल्या भाषेत कायमचा रुजला. तोपर्यंत व्हेनेझुएलात बेसबॉल लोकप्रिय होते. त्या सामन्यानंतर ते राष्ट्राच्या स्वाभिमानाचा भाग झाले. १९४५ मध्ये तिथे व्यावसायिक लीग स्थापन झाली. चुचो रामोस १९४४ मध्ये सिनसिनाटीकडून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळला. आज मेजर लीगमध्ये व्हेनेझुएलाचे खेळाडू मोठ्या संख्येने दिसतात, आणि त्या परंपरेची सुरुवात सांगताना तिथली माणसे २२ ऑक्टोबर १९४१ ही तारीख आधी सांगतात.

आता उलट बाजू मांडून पाहू. समजा मारिने यांनी मुदत नाकारली असती आणि क्युबा जिंकला असता. तर हवानाच्या करंडकांत एकाची भर पडली असती. पण नऊ संघांपैकी आठ संघ एक धडा घेऊन घरी गेले असते : इथे जिंकता येत नाही, कारण खेळ आणि खेळाचे घड्याळ दोन्ही एकाच घराचे आहे. पाहुण्याला जिंकता येते हे दिसले, तरच पाहुणे पुन्हा येतात. माझ्या मते या प्रकरणात संघटक म्हणून मारिने यांनी केलेले सर्वांत मोठे काम हेच. त्यांनी आपल्या संघाचा पराभव शक्य ठेवला.

हे म्हणणे हवेतले नाही. तीन वर्षांनी नेमकी उलटी परिस्थिती घडली. १९४४ ची मालिका हवाना सोडून कराकासला गेली. व्हेनेझुएला, क्युबा आणि मेक्सिको यांच्यात निकालाची लढत आली. पंचांच्या निर्णयांवरून भांडणे पेटली, मेक्सिकोने अंग काढून घेतले, क्युबाचा संघही खेळ सोडून गेला, आणि यजमान विजेते घोषित झाले. नंतरची काही वर्षे क्युबा या मालिकेत उतरलाच नाही. तो परतला १९५० मध्ये. ज्या देशाला तीन वर्षांपूर्वी हवानाने मुदत दिली, त्याच देशाच्या मैदानावर हवानाला वाटले की आपल्याला न्याय मिळत नाही. कराकासच्या त्या भांडणात कोणाचे किती खरे होते, हा वेगळा विषय आहे. पण यजमानावरचा विश्वास एकदा गेला की स्पर्धेचे काय होते, हे त्यातून दिसते. त्या वेळी मारिने खुर्चीवर नव्हते. १० ऑक्टोबर १९४४ ला ग्राउ सान मार्तीन राष्ट्राध्यक्ष झाले, बातिस्तांची माणसे बाजूला झाली आणि क्रीडा महासंचालनालय दुसऱ्यांच्या हाती गेले.

मारिने यांची बाजू घेताना एका गोष्टीवर पांघरूण घालता येणार नाही. ज्या हौशी लीगमधून क्युबाचे हे खेळाडू घडले, त्या लीगचे दार काळ्या खेळाडूंना बंद होते. ती मुळात क्लबांची लीग. वेदादो टेनिस क्लबसारख्या श्रीमंत गोऱ्यांच्या क्लबांनी घडवलेली. क्लबात ज्याला बसता येत नाही, त्याला मैदानातही जागा नाही. हिवाळ्यातल्या व्यावसायिक लीगमध्ये काळे आणि गोरे एकत्र खेळत होते, तेही त्याच ला त्रोपिकालवर. पण ‘हौशी’ हा शब्द जणू कातडीचा रंग सांगणारा शब्द होऊन बसला होता. लीगचे हे दार १९५९ च्या क्रांतीपर्यंत बंदच राहिले. सरकारी महासंचालक, राष्ट्राध्यक्षांचा विश्वासू, तिजोरीची किल्ली हातात असलेला माणूस ते दार उघडायला लावू शकला असता का? त्याच्या हातात जितकी सत्ता होती ती पाहता, निदान जोर लावून ढकलता तरी आले असते, असे मला वाटते. पाहुण्या पिचरला दिलेला न्याय त्याच शहरातल्या काळ्या मुलाला मिळाला नाही. या प्रकरणाचा अभ्यास करताना ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवावी लागतात. एकाने दुसरे पुसले जात नाही.

हौशी या शब्दाची दुसरी गंमतही समजून घेण्यासारखी आहे. कारखान्यात, कंपनीत, लष्करात नोकरी द्यायची आणि खेळायला लावायचे, ही पद्धत जगभर होती तशी क्युबातही होती. मार्रेरो व्यावसायिक झाला तेव्हा त्याने तिशी केव्हाच ओलांडली होती. इतकी वर्षे तो हौशी राहिला, यात त्या लीगची प्रतिष्ठा दिसते. रविवारच्या या सामन्यांना जी गर्दी होई, ती अनेकदा व्यावसायिक सामन्यांनाही होत नसे.

ऑलिंपिकचे काय झाले? मानच्या हयातीत ते जमले नाही. बेसबॉल १९८४ आणि १९८८ मध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून आला, आणि दोन्ही वेळा क्युबा बहिष्कारामुळे गैरहजर होता. क्रांतीनंतरच्या क्युबात ऑलिंपिक समितीची धुरा मानुएल गोन्सालेस ग्वेर्रा यांनी अनेक दशके वाहिली, आणि हे दोन्ही बहिष्कार त्यांच्याच कारकिर्दीतले. १९९२ ला बार्सिलोनात बेसबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ झाला. क्युबाने एकही सामना न गमावता अंतिम फेरीत तैवानला ११-१ ने हरवून सुवर्ण घेतले. बर्लिनच्या त्या सामन्यापासून छप्पन्न वर्षे लोटली होती.

पण ऑक्टोबर १९४१ च्या माणसांना इतकी वाट पाहावी लागली नाही. १९४२ च्या मालिकेपर्यंत युद्ध कॅरिबियन समुद्रात पोचले होते, जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या, आणि हवानात पाचच संघ आले. व्हेनेझुएला आला. कानोनिको आला. ला त्रोपिकालवर मार्रेरो पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला, आणि या वेळी पहिल्या इनिंगमध्ये काही सांडले नाही. पुढच्या आठ इनिंगमध्येही नाही. क्युबा ८, व्हेनेझुएला ०. मालिकाही क्युबाने जिंकली.

मार्रेरो पुढे १९५० मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, वॉशिंग्टनच्या संघातून मेजर लीगमध्ये उतरला आणि पाच हंगाम टिकला. ला त्रोपिकालला आज पेद्रो मार्रेरोचे नाव आहे. नाव ऐकून अनेकांचा गैरसमज होतो, पण पेद्रो हा मोनकादा लष्करी बरॅकवरच्या हल्ल्यात मारला गेलेला तरुण क्रांतिकारक, पिचरशी त्याचा संबंध नाही. कोनरादो मार्रेरो २३ एप्रिल २०१४ ला हवानात वारला. एकशे तीन वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते.